‘जमिनीचं आरोग्य’ म्हणजे सुपीकतेलाच दिलेलं नवं नाव आहे का? मोजता येत नसेल तर त्याचा उपयोग काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं थोडं लांबेल, कारण हे मला स्वतःलाच उशिरा कळलं.

मी काही वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं. नमुना आला की तो सावलीत वाळवायचा, लाकडी दांड्याने कुटायचा, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा आणि मग सामू (आम्लता-अल्कता), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) आणि नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्यं तपासायची. एकदा एका शेतकऱ्याने शेजारशेजारच्या दोन तुकड्यांचे नमुने आणले. पावसानंतर एका तुकड्यात तिसऱ्या दिवशी जादा पाणी ओसरून वाफसा यायचा, दुसऱ्यात आठवडाभर पाणी साचून पीक पिवळं पडायचं. अहवाल मात्र दोन्हींचे जवळपास सारखे निघाले. मी तिथे जाऊन खड्डा घेतला. दुसऱ्या तुकड्यात वीतभर खाली एक घट्ट थर होता आणि मुळं त्याला टेकून आडवी वळली होती. ओल्या जमिनीत वर्षानुवर्षं जड अवजारं फिरल्याने तो तयार झाला होता. अहवालात तो दिसणार कसा? नमुना कुटताना मातीची घडण आम्हीच मोडून टाकत होतो.

सुपीकता विचारते की पिकाला लागणारी अन्नद्रव्यं मातीत किती आहेत आणि ती पिकाला मिळतात का. आरोग्य त्याहून मोठा प्रश्न विचारतं: ही जमीन तिची सगळी कामं करते आहे का, आणि पुढेही करत राहील का? पाणी मुरवणं, ते धरून ठेवणं, जादा पाणी खाली सोडणं, मुळांना वाट आणि हवा देणं, काडीकचरा कुजवून त्यातली अन्नद्रव्यं पुन्हा पिकाला मिळवून देणं, ही ती कामं. मराठीत यातली निम्मी गोष्ट ‘वाफसा’ या एका शब्दात आहे. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती स्थिती. मोठ्या पावसानंतर जमीन वाफशावर किती दिवसांत येते आणि पाऊस लांबला तर ओल किती दिवस टिकते, या दोन गोष्टी तिच्याबद्दल पुष्कळ सांगतात.

या पोकळ्या टिकवतो तो मातीतला जिवंत कारभार. बुरशीचे तंतू मातीचे कण बांधतात, जिवाणूंचा चिकट स्राव ते सांधतो, गांडुळांची विष्ठा आणि मुळांतून पाझरणारे पदार्थ त्यात भर घालतात. त्यातून रवाळ, भुसभुशीत घडण तयार होते. पण हा डिंक कायमचा नसतो. जीवाणू तोही खातात. म्हणून सेंद्रिय पदार्थ एकदा घालून काम संपत नाही, भरणा चालू ठेवावा लागतो. सारखी नांगरट केली की रवे फुटतात, आत दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि लवकर संपतो.

आता मोजण्याबद्दल. वेगवेगळ्या गुणांची बेरीज करून ‘या जमिनीचं आरोग्य 100 पैकी 62’ असा आकडा काढणाऱ्या पद्धती आहेत. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण जमिनीला जन्मजात मिळतं, ते आपल्या हातात नाही. रेताड जमिनीत सेंद्रिय कर्ब भारी काळ्या जमिनीपेक्षा कमी असणारच, म्हणून ती आजारी ठरत नाही. तुलना करायची तर त्याच मातीशी करावी. मी बांधावरची, कधी न नांगरलेली माती घेतो आणि तिच्याशेजारी शेतातली ठेवतो. दोन्हींची सुपारीएवढी कोरडी ढेकळं काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडतो. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ शाबूत राहतं आणि शेतातलं मिनिटभरात विरघळून ढासळतं, असं अनेकदा दिसतं. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरत राहिला तर मात्र बाब वेगळी. तिथे बहुधा सोडियम जास्त असतो, आणि नुसतं शेणखत घालून तो प्रश्न सुटत नाही. अशा वेळी प्रयोगशाळेची तपासणीच हवी.

या कल्पनेवरचा सर्वांत जड आक्षेपही सांगायला हवा. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. दरवर्षी शेणखत मिळालेल्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब फक्त रासायनिक खत मिळालेल्या तुकड्यांच्या दुपटीहून जास्त झाला, तरी कित्येक दशकं दोन्हींकडे गहू साधारण सारखाच पिकला. म्हणजे आरोग्य सुधारलं की उत्पन्न वाढलंच पाहिजे, असं नाही. पुढे जास्त उत्पन्न देणारे वाण आले, तेव्हा शेणखतावर वरून नत्र दिलेले तुकडे सरस ठरले. शिवाय शेतात पीक नसतानाही सेंद्रिय पदार्थातून नत्र सुटत राहतो आणि तो पाण्याबरोबर खाली झिरपू शकतो. पिकासाठी उत्तम असलेली जमीन भूजलासाठी उत्तम असेलच असं नाही. म्हणून ‘निरोगी’ म्हणताना कोणत्या कामासाठी, हे विचारावंच लागतं.

एवढं असूनही मला ही कल्पना मोलाची वाटते, कारण ती प्रश्न बदलते. ‘कोणतं खत कमी पडलं?’ एवढंच विचारत राहिलो असतो, तर त्या शेतकऱ्याला आम्ही पिवळ्या पिकासाठी आणखी नत्र सुचवलं असतं. मुळांना हवाच मिळत नव्हती, तिथे ते वाया गेलं असतं.

त्याने जमीन पूर्ण कोरडी असताना तो थर फोडून घेतला, लगेच खोल मुळांचं हिरवळीचं (जमिनीतच गाडायचं) पीक घेतलं आणि ओल्यात अवजारं घालणं बंद केलं. दोन वर्षांनी त्याने पुन्हा नमुने आणले. सेंद्रिय कर्बाचा आकडा जेमतेम हलला होता. वाफसा मात्र पाचव्या दिवशी येऊ लागला होता.