माझा फोटो दुसऱ्याच्या नावानं

प्रश्न: मी काढलेला रंकाळ्याचा फोटो एकानं एका वेबसाइटवर स्वतःच्या नावानं टाकलाय. कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही, आता काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, नोंदणी नसली तरी हक्क तुमचाच, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ती सक्तीची नाही. आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि ओरिजिनल फाइल जपून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं बघा, कारण त्यानं पोस्ट उडवली की पुरावाच गेला. मग वेबसाइटला लेखी तक्रार द्या, २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम लिहूनच, तक्रार पटली तर ३६ तासांत त्यांनी फोटो बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणून नाही दिला तर त्यांना तो परत चालू करता येतो, तेव्हा वकील लगेच गाठा.