ऑफिसात १० मिनिटांचं इंग्रजी प्रेझेंटेशन द्यायचंय, तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी वाचता येतं, ईमेलही जमतात, पण वरिष्ठांसमोर उभं राहून तिमाही आढावा मांडायचा म्हटलं की तोंड उघडत नाही, आणि हातात दोन आठवडे आहेत. दोन आठवड्यांत इंग्रजी सुधारण्याचा नाद सोडा. १० मिनिटांना लागणारं इंग्रजी फार थोडं असतं, तेवढं मात्र पक्कं करता येतं.

मिनिटाला साधारण १२० शब्द हा वेग ऐकणाऱ्याला सोसतो. दोन मिनिटं प्रश्नांना राखली तर उरलेल्या ८ मिनिटांत जेमतेम ९५० शब्द होतात, म्हणजे टाइप केलेली दोनेक पानं. ती लिहून काढा, पण पाठ करू नका. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पाठ हवीत ती सुरुवातीची चार वाक्यं, शेवटची दोन, आणि एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारी वाक्यं. लोक अडखळतात ते बहुधा या सांध्यांवरच. स्लाइडमधला मजकूर तर तुमच्या रोजच्या कामातलाच असतो. पुढच्या स्लाइडचा प्रश्न आपणच विचारायचा, "सो दॅट्स सेल्स. नाऊ, व्हाय डिड कॉस्ट्स गो अप?", आणि मगच बटण दाबायचं. आधी स्लाइड बदलून तिच्याकडे बघत "नेक्स्ट स्लाइड इज..." म्हणणारे काय बोलायचं ते तिथं शोधत असतात, आणि ते समोरच्यांना दिसतं.

वाक्य मनात मराठीत जुळवलं की कारणं आधी येतात आणि क्रियापद शेवटी. "माल उशिरा आल्यामुळे आणि त्यातच दोन मशीन बंद पडल्यामुळे उत्पादन घटलं" हे आपल्याला सहज वाटतं, पण त्याच क्रमाने इंग्रजीत बोलायला गेलं की "बिकॉज"ने सुरू झालेलं वाक्य मध्येच लोंबकळतं. निकाल आधी सांगा, मग कारणं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाक्य द्या: "आउटपुट ड्रॉप्ड बाय एट पर्सेंट. देअर आर टू रीझन्स. मटेरिअल केम लेट. अँड टू मशीन्स वेअर डाउन." वाक्य १२ शब्दांपुढे गेलं की तोडा. स्लाइडचं शीर्षकही असंच पूर्ण वाक्य असू द्या. नुसतं "प्रॉडक्शन" लिहिलं तर ते बघून काय बोलायचं ते आठवत नाही.

खरी फजिती आकड्यांत होते. उत्पादन १०० वरून १२० झालं तर "इन्क्रीज्ड बाय ट्वेंटी" किंवा "इन्क्रीज्ड टू वन ट्वेंटी". "बाय" आणि "टू" यांची अदलाबदल झाली की अर्थच बदलतो. नफ्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून १२ वर गेलं तर ती वाढ "टू पर्सेंटेज पॉइंट्स". नुसतं "टू पर्सेंट" म्हणाल तर एखादा हिशेबी माणूस तिथेच टोकेल, कारण टक्केवारीत ती वाढ २० टक्के होते. "थर्टीन"मध्ये जोर "टीन"वर, "थर्टी"मध्ये पहिल्या अक्षरावर. ऐकणाऱ्याचा घोळ होईल असं वाटलं तर "थर्टीन, वन-थ्री" असं बिनधास्त म्हणा. श्रोते परदेशी असतील तर लाखाचं मिलियनमध्ये रूपांतर घरीच करून लिहून न्या (१० लाख म्हणजे १ मिलियन). उभ्या उभ्या करायला गेलात तर शून्य हमखास चुकतं.

आलेख दाखवताना आधी आडवा आणि उभा अक्ष काय आहेत ते सांगा, मग एकाच ठिकाणी बोट ठेवा, मग त्याचा अर्थ. "दिस ॲक्सिस शोज मंथ्स, दिस वन शोज युनिट्स. लुक ॲट ऑगस्ट." इथे दोन सेकंद थांबा, लोकांना बघू द्या.

उच्चाराची धास्ती नको, मराठी वळण चालतं. शब्दातला जोर चुकला तर मात्र शब्द ओळखू येत नाही: "डेव्हलप"मध्ये (डि-व्हे-लप) जोर "व्हे"वर, "ॲनॅलिसिस"मध्ये "नॅ"वर. आपल्या ९५० शब्दांतले असे १५-२० शब्द निवडा, ऑनलाइन शब्दकोशात ऐका आणि कागदावर जोराचं अक्षर अधोरेखित करा.

सराव उभं राहून, मोठ्याने. मनात वाचलेलं तोंडात बसत नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासा: आधी वेग, मग अडखळण्याच्या जागा, मग "बेसिकली", "ॲक्च्युअली" किती वेळा येतं ते. एकाच जागी दोनदा अडखळलात तर दोष वाक्याचा आहे, ते बदला. पॉवरपॉइंटच्या "रिहर्स टायमिंग्ज"मध्ये कोणती स्लाइड किती वेळ खाते तेही कळतं.

प्रश्नांची भीती बहुतेकांना भाषणाहून जास्त असते. संभाव्य दहा प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं दोन-दोन वाक्यांत बोलून बघा. प्रश्न कळला नाही तर नुसतं "पार्डन?" नको, समोरचा तेच तितक्याच भरभर पुन्हा म्हणतो. "डू यू मीन द कॉस्ट ऑर द शेड्यूल?" असं विचारा, म्हणजे उत्तर छोटं आणि स्पष्ट येतं. आकडा माहीत नसेल तर "आय डोन्ट हॅव दॅट फिगर हिअर. आय विल सेंड इट बाय थर्सडे." अंदाजे ठोकून देऊ नका. हमखास विचारले जाणारे तक्ते शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवा. स्लाइड शोमध्ये क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे पोहोचता. ते क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवा.