पोरगी नुसतं प्लॅनिंगच करत बसते, त्या सॉफ्टवेअरला पैसे भरू का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र नीट वाचलं. बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं लेथ-मिलिंगचं जॉबवर्क, मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तिने एकदम तीन कामं अंगावर घेतलीयत, जुन्या सायकलीची इलेक्ट्रिक सायकल करून मार्चमधल्या कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायची, शेवटच्या वर्षात गेट ही इंजिनियरिंगची देशपातळीवरची परीक्षा द्यायची आणि मधेच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पण शिकायची. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री ती लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या ओढत बसते, सायकल मात्र परड्यात आहे तिथंच आहे, आणि आता म्हणते ह्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा वर्षाचा पेड प्लॅन घ्यायचाय. एकट्या माणसाच्या कामाला असलं सॉफ्टवेअर लागतं काय, पैसे भरू की नको, आणि पुढे नोकरीत त्याचा उपयोग होणार का, हे तुमचे प्रश्न.

पैसे आत्ता भरू नका. फुकटच्या व्हर्जनवर तिला सायकलीचं प्लॅनिंग खुशाल करू द्या, तिथं त्याचा खरंच फायदा आहे. गेट आणि पायथनसाठी मात्र ते बंद करायला सांगा, तिथं ते वेळ खातंय.

असं का म्हणते ते सांगते. ती ज्या पट्ट्या ओढते त्याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९१० च्या दशकात तो कारखान्यांत रुजवला. मग १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीच्या केमिकल प्लांटांच्या कामातून क्रिटिकल पाथची पद्धत निघाली आणि त्याच सुमाराला अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही कामांचं वेळापत्रक आखायची पद्धत काढली. सगळ्यांची अडचण एकच, ठेकेदार ढीगभर, माणसं ढीगभर, आणि एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. आजची सॉफ्टवेअरं ह्याच घराण्यातली, म्हणजे त्यांचा खरा उपयोग काय, तर कोण कुणासाठी अडलंय हे दाखवणं. तुम्हाला हे मी काय शिकवणार! पॅटर्न झाला नाही तर फौंड्रीत मोल्ड होत नाही, कास्टिंग आलं नाही तर तुमच्या मशीनवर जॉब चढत नाही, मग बाकीचं तुम्ही कितीही पटापट उरका, डिलिव्हरी पुढे जाते ती जातेच. ही जी साखळी लांबली की सगळं लांबतं तिलाच क्रिटिकल पाथ म्हणायचं, आणि ती तुम्ही इतकी वर्षं कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय डोक्यात आणि जॉबकार्डावर सांभाळताय.

आता पुढचं तिला वाचायला द्या, तिच्याशीच बोलते.

बाळ, तुझ्या सायकलीत अशी साखळी आहे म्हणून तिथं चार्ट कर. पहिलं काम चाकात बसणारी मोटर ठरवणं. आपल्याकडच्या नियमात मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, ब्रेक-रिफ्लेक्टर नीट असतील, तर ती मोटर वाहनात धरत नाहीत, त्याच्या वर गेलीस की रजिस्ट्रेशन-लायसनचा विषय आला, म्हणून हे आधी ठरव आणि मगच बाजार बघ. मोटर हातात आल्याशिवाय अ‍ॅक्सलची नेमकी मापं मिळत नाहीत, मापं मिळाल्याशिवाय बाबांच्या मशीनवर टॉर्क आर्म (मोटरचा अ‍ॅक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला धरणारी पट्टी) करता येत नाही, आणि टॉर्क आर्म न लावता मोटर चालवलीस तर अ‍ॅक्सल ड्रॉपआऊटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथं, फिरून वायरीच तोडेल. मोटर ३६ व्होल्टची की ४८ ची ह्यावर कंट्रोलर आणि बॅटरी ठरणार, बॅटरीच्या साईझवर बॉक्स ठरणार, आणि लिथियम बॅटरी विमानाने पाठवायचे नियम कडक असल्यामुळे ती बऱ्याचदा रस्त्याने येते, तर तेवढे दिवस धरूनच चाल. (बॅटरी बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, असलेली तयार घे, घरात सुटे सेल जोडत बसू नकोस, हे मी प्लॅनिंग म्हणून नाही, काळजीने सांगतेय.) बघ, चार्टमध्ये हे सगळं मांडलं की एका नजरेत कळतं की आज तुझ्या हातात असलेलं एकच महत्त्वाचं काम आहे, मोटर फायनल करून ऑर्डर टाकणं. फ्रेम घासून रंग देणं, वायरिंगचं डायग्रॅम काढणं, हे मोटर यायच्या वाटेवर असताना होईल. तुझ्या बाबांनी लिहिलंय की गेले काही आठवडे तू रंग कुठला द्यायचा ह्याचं वेगळं पान करतेयस, ते मागे टाक.

चार्टासाठी गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे वापर, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. पट्ट्या नको वाटल्या तर ट्रेलो ह्या कामांच्या बोर्डाच्या अ‍ॅपवर करायचं, चाललंय, अडलंय, झालं असे चार रकाने कर, फुकटात दहा बोर्ड मिळतात आणि तुला एकच लागणार आहे. पेड प्लॅन बहुतेक ठिकाणी माणशी महिना असा असतो, म्हणजे तो टीमसाठी आखलेला आहे, त्यात जे वाढीव मिळतं त्यातलं तुझ्या एका सायकलीला काही लागत नाही. आणि कामं वीस-पंचवीस ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस. कॅलेंडरवर इंटरनल्स, सेमिस्टर परीक्षा, दिवाळी आधीच काळ्या रंगाने भरून टाक, गणपतीत काय झालं ते बघितलंस की, अकरा दिवस पोरं मंडपात होती आणि प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये ते दिवस कामाचे धरलेले होते. मार्चमध्ये प्रदर्शन आहे तर सायकल फेब्रुवारीच्या मध्यात चालली पाहिजे असं धर, पहिल्यांदा चालवल्यावर काही ना काही ढिलं निघतंच.

आता अंदाजाचं बोलू, कारण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं इथंच आहे. काम नेहमी वाटतं त्यापेक्षा लांबतं, ह्याला काहनेमन आणि ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. मग १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसात होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं जेवढं बिघडायचं तेवढं बिघडलं तर किती, असं विचारल्यावर ४८.६. आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस, म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाज पण कमी पडला. कुठलंच सॉफ्टवेअर ह्यावर आपोआप उपाय करत नाही, तू चार दिवस टाकलेस की ते विश्वासाने चार दिवसांची पट्टी काढतं. म्हणून एक साधी वही घाल, प्रत्येक कामापुढे आधी अंदाज लिही, झाल्यावर खरे दिवस लिही. सात-आठ कामं झाली की तुला कळेल की तुझा अंदाज दीडपट चुकतो की दुप्पट, मग पुढच्या पट्ट्या त्या हिशेबाने ओढ. तोपर्यंत सगळ्याला दीडपट धर.

गेटला असली साखळीच नाही. ३ तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यातले १५ जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. थर्मो आधी केलंस काय आणि एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) आधी केलंस काय, कुठलं काम कुणासाठी अडत नाही, हीट ट्रान्सफरच्या आधी फ्लुइड झालेलं बरं एवढंच. तिथं लागतात ते रोजचे ठरलेले तास आणि जुने पेपर, तर भिंतीवर एक कागद लाव, विषय लिही, शेजारी सोडवलेल्या पेपरचे मार्क लिही, बास. पायथनसाठी तर तोही कागद नको. सायकलीच्या टेस्टचे व्होल्टेज-स्पीडचे आकडे येतील त्यांचा ग्राफ पायथनमध्ये काढ, त्यातूनच शिकशील.

खानापूर, निपाणीकडची पण बरीच मुलं माझ्याकडे येतात, मोबाईलवर सुंदर बोर्ड असतात, रंग, आयकॉन, सगळं. त्यांना मी आळशी मुळीच म्हणत नाही. अवघड काम सुरू करायची भीती असते, आणि प्लॅन नीटनेटका करताना काम पुढे सरकल्यासारखं वाटतं, म्हणून मन तिकडे पळतं. तुझ्या बाबतीत मला वाटतं मोटरवर घरचे पैसे घालायचे आणि ती चुकीची निघाली तर काय, ही भीती असणार. ती बाबांशी मोकळेपणाने बोल. प्लॅनिंग रविवारी सकाळी वीस मिनिटं, आठवडाभर सॉफ्टवेअर फक्त काम झालं की टिक करायला उघडायचं.

भाऊ, आता नोकरीचं. नुसतं ट्रेलो, जिरा असलं कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर येतं असं रिझ्युमेवर लिहून फार काही होत नाही, ते कुणालाही दोन दिवसात येतं. बांधकाम, प्लांट उभारणी असल्या मोठ्या प्रोजेक्टच्या कामात मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि प्रिमावेरा चालतं, तिकडे जायचा विचार असेल तर प्रोजेक्टलिब्रेवर हात बसवलेला कामी येतो, कारण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाईली त्यात उघडतात. सर्टिफिकेटच्या जाहिरातींना भुलू नका. पीएमआय ह्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेच्या पीएमपी सर्टिफिकेटला चार वर्षांची डिग्री आणि वर ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, ते तिला आत्ता मिळूच शकत नाही. कॅपम नावाचं खालचं आहे, त्याला बारावी आणि २३ तासांचं ट्रेनिंग पुरतं, पण ते पण नोकरी लागल्यावर, कंपनी पैसे भरत असेल तर बघू. मी सरावाच्या मुलाखती घेते तेव्हा मुलांना विचारते, तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय लांबलं, कशामुळे, आणि तू काय बदललंस? ह्याला बहुतेकांकडे उत्तरच नसतं. तुमच्या मुलीकडे ती वही असेल, मोटर किती दिवस उशिरा आली, त्या दिवसात तिने काय उरकलं, हे तारखेसकट सांगता आलं तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून ऐकतो.

तुम्ही एक करा. रोज तिला किती झालं, कधी होणार असं विचारता ना, ते थांबवा, त्यामुळे ती आणखी चार्ट करत बसते, तुम्हाला दाखवायला. त्याऐवजी विचारा, कशासाठी अडलंय? मोटरच्या पैशासाठी अडलं असेल तर वर्षाच्या प्लॅनला देणार होता ते पैसे तिकडे घाला. टॉर्क आर्मसाठी अडलं तर एका सुट्टीच्या दिवशी मशीन तिच्या ताब्यात द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. आणि तुमच्या शॉपमध्ये सोमवारी कुठला जॉब आधी चढवायचा हे तुम्ही कसं ठरवता, ते तिला तिथं उभं करून एकदा नीट सांगा, प्लॅनिंगचा तो तास तिला कुठल्याच क्लासमध्ये मिळणार नाही.