धंदा बुडाला, चेक बाउन्स झालेत. फोन बंद करून दुसऱ्या शहरात नवी सुरुवात करू का?

नका करू. 'नवी सुरुवात' हे शब्द आमच्या दादाचेही होते, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. शीतलामाता बाजाराजवळ दादाच्या नावावर साड्यांचं दुकान होतं. लग्नसराईला भरमसाट माल उचलला, दोन ठोक व्यापाऱ्यांना पुढच्या तारखांचे चेक दिले, विक्री बसली आणि दादा 'नोकरी बघतो' म्हणून पुण्याला गेला. फोन बंद. वहिनी आणि मुलं इथेच.

मग चेक बाउन्स झाल्याची नोटीस रजिस्टरने आली. दादाने कुणा मित्राकरवी निरोप पाठवला, "घेऊ नका, परत पाठवा." अहो, बरोबर पत्त्यावर आलेलं रजिस्टर नाकारलं तरी कोर्ट ते मिळालं असंच धरतं! नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केली, तर चेक बाउन्सचा, म्हणजे कलम १३८ चा गुन्हाच उभा राहत नाही. निदान तेवढ्या दिवसांत समोरच्याशी बोलता तरी येतं. दादाने ते पुण्यात घालवले. पुढे समन्स, मग वॉरंट. वॉरंट घेऊन आलेल्या हवालदाराला दार आईने उघडलं. तो भला माणूस, पायरीशी बूट काढून आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "माताजी, लड़का कहाँ है?" गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. त्या श्रावणात आई भजनी मंडळाकडे फिरकली नाही.

शेवटी मोठ्या व्यापाऱ्याच्या गादीवर मी आणि वहिनी गेलो. त्याने आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, माल किती शिल्लक आहे? दुसऱ्या दिवशी एकेक साडी हातात घेऊन घडी तपासली. फॉल लागलेल्या बाजूला काढल्या, कोऱ्या घडीच्या भाव पाडून परत घेतल्या. उरलेल्या रकमेचे हप्ते कागदावर बांधून दिले. चेकची केस कोणत्याही टप्प्यावर आपसात मिटवता येते, ती लोक अदालतीत मिटली. सहीपुरता दादा आला आणि रात्रीच्या गाडीने परत गेला. दुसरा व्यापारी मात्र काही ऐकेना, त्याची केस रखडत चालली.

तेव्हा आधी वकील गाठा, आलेली नोटीस घ्या, शिल्लक मालाची यादी करा आणि घेणेकऱ्यासमोर स्वतः जाऊन बसा. शिव्या पडतील, खाऊन घ्या. घरच्यांना खरा आकडा आजच सांगा. बायकोला शेवटी कळवणारा माणूस मला मुळीच आवडत नाही.

आता राहिलेलं. सावकाराची माणसं अंगावर येत असतील किंवा घरात मारहाण असेल तर आधी सुरक्षित जागी जा आणि पोलिसांत तक्रार करा. त्याला मी पळणं म्हणत नाही. आणि 'निघून जाणं' म्हणजे तुमच्या मनात भलतंच काही असेल, तर वकिलाच्याही आधी १४४१६ लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

दादा गणपतीत आला की अजून म्हणतो, "मी लांब गेलो म्हणून व्यापारी नरमले." आई पंगतीत असते, म्हणून मी गप्प बसतो. इथे सांगतो: मोठा व्यापारी नरमला तो माल परत आला म्हणून. आणि ते गठ्ठे वहिनीने आणि मी रिक्षात घालून नेले होते.