सासूबाईंच्या आधारवर ‘मंगल’ आणि तिकिटावर ‘मंगला’ आहे. पुणे विमानतळावर अडवतील का? आणि एकाच प्रवासात इतक्या वेळा ओळखपत्र कशाला बघतात?

थेट उत्तर आधी. एका अक्षराच्या फरकावरून बहुतेक वेळा काही होत नाही. जवान कार्ड बघतो, तिकीट बघतो, तोंडाकडे बघतो आणि आत सोडतो. पण सोडलंच पाहिजे असा नियम कुठे नाही. त्याला शंका आलीच तर सासूबाई दाराबाहेर बाकड्यावर आणि तुम्ही विमान कंपनीच्या खिडकीसमोर रांगेत, अशी वेळ येईल. प्रवास पुढच्या आठवड्यात आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हातात वेळ आहे. नाव आजच दुरुस्त करून घ्या. तिकिटावर ‘दत्तात्रय’ हे मधलं नाव नाही, त्याचं मात्र मनावर घेऊ नका. देशातल्या देशात पहिलं नाव आणि आडनाव जुळलं की भागतं.

आता वैताग येतो तो मुद्दा. ओळखपत्र बघणारे सगळे एकाच खात्याचे नसतात, आणि प्रत्येकाला वेगळी गोष्ट बघायची असते. टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान असतो. या माणसाकडे आजचं, याच टर्मिनलचं तिकीट आहे का आणि तिकिटावरचं माणूस हेच का, एवढंच तो बघतो. बॅग देताना कंपनीचे कर्मचारी बघतात. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी पुन्हा सीआयएसएफ, तिथे मुख्यतः बोर्डिंग पास. विमानात चढायच्या गेटवर पुन्हा कंपनी. कधीकधी शिडीपाशी आणखी एकदा, त्याला लॅडर पॉइंट चेक म्हणतात. हे सगळे नियम बीसीएएस, म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. 1976 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं, त्यानंतर 1978 मध्ये हा विभाग सुरू झाला. 1985 मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात झालेल्या स्फोटानंतर, 1987 मध्ये, तो स्वतंत्र झाला. कनिष्कमध्ये बॉम्ब असलेली बॅग चेक-इन करणारा माणूस स्वतः विमानात चढलाच नव्हता. बॅग ज्याची तोच माणूस आत बसतोय का, हे शेवटच्या गेटवर इतक्या काटेकोरपणे बघतात त्याचं मूळ तिथे आहे. दारावर पोलिसांऐवजी सीआयएसएफ आली ती 1999 च्या कंदहार विमान अपहरणानंतर, 2000 च्या फेब्रुवारीत जयपूरपासून.

परदेशात बऱ्याच ठिकाणी टर्मिनलमध्ये कुणीही चालत जातं, आपल्याकडे दारातच चाळणी लागते. मला विचाराल तर दारावरची तपासणी गर्दी कमी ठेवायला उपयोगी आहे, पण लोकांचा सगळ्यात जास्त वेळ आणि रक्तदाब तिथेच खर्ची पडतो. एक लक्षात ठेवा: त्या जवानाला तुमच्या तिकिटातलं एक अक्षरही बदलता येत नाही. आणि कंपनीच्या माणसाला जवानाच्या वतीने तुम्हाला आत सोडता येत नाही. त्यामुळे दारावर वाद घालून काही हाती लागत नाही. नाव चुकलं असेल तर सरळ कंपनीच्या बाहेरच्या तिकीट खिडकीवर जायचं, पीएनआरमध्ये, म्हणजे तिकिटाच्या बुकिंग क्रमांकावरच्या नोंदीत, दुरुस्ती करून घ्यायची, नवा कागद घ्यायचा आणि पुन्हा रांगेत यायचं.

कोणतं कार्ड चालतं ते बीसीएएसने 2017 च्या परिपत्रकात लिहून ठेवलंय. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा एमआधार (आधारचं फोनवरचं अॅप), पॅन, वाहन परवाना, नोकरीचं फोटो ओळखपत्र, सरकारी शिक्षणसंस्थेचं विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं साक्षांकित फोटो असलेलं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगत्वाचं फोटो ओळखपत्र. रेशनकार्ड यात नाही. पाकीट हरवल्याची पोलिसांतली तक्रारही नाही. काहीच नसेल तर गट ‘अ’च्या राजपत्रित अधिकाऱ्याने लेटरहेडवर, फोटो साक्षांकित करून दिलेला दाखला चालतो, पण तो ऐनवेळी कुठून आणणार.

झेरॉक्स चालत नाही, आणि गॅलरीतला आधारचा फोटोही नाही. व्हॉट्सअॅपवर मुलाने पाठवलेला आधार दाखवणारे रोज परत फिरतात. फोनवरच दाखवायचं असेल तर एमआधार किंवा डिजिलॉकर हे कागदपत्रं ठेवायचं सरकारी अॅप जवानासमोर उघडून दाखवा. यात गोम अशी की अॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. बऱ्याच ज्येष्ठांच्या आधारला मुलाचा जुना, कधीच बंद झालेला नंबर असतो. सासूबाईंचा कोणता आहे ते आज बघून घ्या, आणि त्या फोन हाताळत नसतील तर मूळ प्लास्टिकचं कार्डच बरोबर द्या.

फोटोचाही प्रश्न येतो. अनेकांच्या आधारवरचा फोटो पहिल्या नोंदणीच्या वेळचा आहे. नऊ वर्षांच्या वयात काढलेलं आधार घेऊन कॉलेजातला मुलगा उभा राहिला की जवान दुसरं कार्ड मागणारच. मुलांचं आधार 5 आणि 15 व्या वर्षी अद्ययावत करायचं असतं, ते अनेक घरांत राहून गेलेलं असतं.

नावाचा घोळ मराठी घरांत जास्त का होतो, तर आपलं नाव तीन तुकड्यांचं आणि प्रत्येक कागदावर त्यांचा क्रम वेगळा. मतदार यादीच्या धाटणीने आधारवर आडनाव पहिलं, पॅनवर माहेरचं नाव, पासबुकात नुसती आद्याक्षरं, आणि तिकिटाच्या संकेतस्थळावर मात्र दोनच रकाने. माझा साधा नियम: आधी कोणतं कार्ड नेणार ते ठरवा, मग ते समोर धरून तिकिटात नाव भरा. तोंडी सांगून किंवा भाच्याला फोनवर ‘मंगलाकाकूंचं एक काढ’ असं म्हणून तिकीट काढलं की असंच होतं. मधलं नाव द्यायचं असेल तर ते पहिल्या नावाच्या रकान्यात, पहिल्या नावापुढे. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव.

तिकिटावर किंवा बोर्डिंग पासवर ‘जाधव/मंगल’ असं उलटं दिसलं तर घाबरू नका, ती जगभरची पद्धत आहे. नाव अर्धवट कापलेलं दिसलं तरी घाबरू नका. बोर्डिंग पासच्या बारकोडात नावासाठी इंग्रजी 20 अक्षरांचीच जागा असते. समजा नाव अरुंधती माधव देशपांडे आहे. इंग्रजीत देशपांडेची 9 अक्षरं, तिरकी रेघ 1, अरुंधतीची 9, झाली 19. माधवचं पहिलं अक्षर बसलं की जागा संपली, आणि ते अरुंधतीला चिकटूनच छापलं जातं. ही चूक नव्हे, तिथल्या लोकांना ती सवयीची आहे.

दुरुस्तीचं गणित असं आहे. स्पेलिंगमधली एक-दोन अक्षरं, नाव-आडनावाची अदलाबदल, श्री-श्रीमतीचा घोळ, हे कंपन्या सुधारून देतात. माणूसच बदलायचा असेल तर नाही. तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, ते रद्द करून नवंच काढावं लागतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटात चूक 24 तासांत कळवली तर त्याच माणसाच्या नावातल्या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. तुमची ती मुदत गेलेली दिसते, त्यामुळे काही शुल्क पडू शकतं. तिकीट एजंटकडून किंवा बुकिंग अॅपवरून असेल तर कंपनी बहुधा त्यांच्याकडेच बोट दाखवते, म्हणून आधी त्यांना गाठा. फोन करताना पीएनआर आणि कार्डाचा फोटो तयार ठेवा, आणि दुरुस्त तिकीट ईमेलवर आल्याशिवाय ‘झालं’ या शब्दावर विसंबू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत वेब चेक-इन (घरूनच ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं) करू नका. चेक-इन झालेल्या प्रवाशाचं नाव तसंच बदलता येत नाही, आधी चेक-इन मागे घ्यावं लागतं आणि त्यात नाहक फोनाफोनी होते.

आधारवरचं नावच सुधारायचा विचार असेल तर घाई करू नका. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ‘मंगल’ बरोबर की ‘मंगला’, हे बँक, पॅन, पेन्शन, सगळीकडे काय आहे ते बघून एकदाच ठरवा. या प्रवासासाठी तिकीट बदलणं सोपं.

परदेशी प्रवासात मात्र एखाद्या अक्षराच्या फरकाची सवलत विसरा. तिथे तिकीट पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांतल्या वरच्या ओळीत नाव जसं आहे तसं उतरवायचं. नवं लग्न झालेली जोडपी इथे हमखास फसतात. हनिमूनचं तिकीट सासरच्या नावावर आणि पासपोर्ट माहेरच्या. पासपोर्ट बदलेपर्यंत तिकीट माहेरच्याच नावावर काढा, कुणी काही म्हणत नाही. पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर दुबईला जाण्याआधी कंपनीशी बोला. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पर्यटक व्हिसावरच्या अशा प्रवाशांबाबत नियम कडक केलेत.

नेपाळचं एक वेगळंच आहे. पशुपतिनाथाच्या सहलीला निघालेल्यांना वाटतं आधार पुरेल. भारतीयांना तिथे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 पेक्षा लहान आणि 65 च्या वरच्यांना मात्र आधार चालतं. म्हणजे काकांचं भागतं आणि त्यांना सोबत म्हणून निघालेला पुतण्या अडकतो.

डिजियात्राबद्दलही तुम्ही विचारलंय, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी सोय. पुण्यात ती 2023 च्या मार्चपासून आहे, मुंबईत त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, आणि ती देशांतर्गत प्रवासापुरती आहे. अॅपमध्ये डिजिलॉकरमार्फत आधार जोडायचं, सेल्फी काढायची, वेब चेक-इननंतर बोर्डिंग पास चढवायचा आणि निघण्याच्या विमानतळाला माहिती पाठवायची. दारावर बारकोड दाखवून कॅमेऱ्याकडे बघितलं की फाटक उघडतं. हे सगळं घरूनच करा, टर्मिनलसमोर उभं राहून करू नका. अडतं कुठे, तर आधार आणि बोर्डिंग पासवरचं नाव न जुळल्यास अॅप पास घेतच नाही. जवान ‘मंगल-मंगला’ समजून घेईल, अॅप कदाचित घेणार नाही. दुसरं, पास चढवल्यावर सीट बदलली की बारकोडही बदलतो, मग नवा पास पुन्हा चढवावा लागतो. चेहऱ्याची माहिती विमान सुटल्यावर 24 तासांत विमानतळाच्या यंत्रणेतून पुसली जाते असं डिजियात्रावाले सांगतात. ही सोय ऐच्छिक आहे. दारावर कुणी आग्रह केला तरी नको म्हणता येतं. आणि डिजियात्रा केली तरी मूळ कार्ड जवळ हवंच, मधेच कुणीही मागू शकतं.

तिकीट ज्येष्ठ नागरिक सवलतीत काढलं असेल तर वयाचा पुरावाही लागेल. पॅन, आधार, पासपोर्ट, ज्यावर जन्मतारीख आहे ते. विद्यार्थी आणि सैनिकी सवलतीचंही तसंच, पुरावा नसेल तर फरकाची रक्कम भरायला लावतात. आई-वडिलांबरोबरच्या लहान मुलांना ओळखपत्राची सक्ती नाही, पण दोन वर्षांखालचं बाळ असेल तर जन्मदाखला ठेवा. बाळाचं भाडं वयावर ठरतं आणि कंपनी तो मागते. जाताना पावणेदोन वर्षांचं असलेलं बाळ परतीच्या आधी दोन वर्षं पूर्ण करणार असेल, तर परतीला त्याची सीट काढावी लागते.

परतीचं विमान मुंबईला असेल तर तिकिटावर टर्मिनल एक की दोन ते बघा, आणि आता नवी मुंबई हा तिसरा पर्याय आलाय. न्यायला येणारा चुकीच्या ठिकाणी उभा राहतो. तिथून निघताना तर टर्मिनल चुकलं की दारावरचा जवान कार्ड कितीही बरोबर असलं तरी परत पाठवतो, आणि सांताक्रूझच्या टर्मिनल एकहून सहारच्या टर्मिनल दोनला जाताना ट्रॅफिक लागलं तर देव मालक. बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या 60 मिनिटं आधी चेक-इन बंद करतात.

शेवटचं सासूबाईंसाठी. त्या एकट्या जाणार असतील तर तुम्ही दारापर्यंतच, हे गृहीत धरा. व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला 48 तास आधी कळवा, म्हणजे त्यांचा माणूस दारापासून बरोबर राहील. तिकिटाची छापील प्रत आणि कार्ड एकाच छोट्या पाऊचमध्ये त्यांच्या हातात द्या. ‘हरवेल म्हणून’ कार्ड मोठ्या बॅगेत ठेवणारे खूप असतात. बॅग पट्ट्यावरून आत गेली की पुढच्या गेटवर दाखवायला काही उरत नाही, आणि ती बॅग परत काढायला लावली तर विमान बहुधा चुकतंच.