पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही: प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही महिन्यांपासून पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही. ओळखीतल्या कुणीतरी रोज एक प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल सुचवली आहे. डबीवर '५० अब्ज जिवंत जिवाणू' लिहिलंय. घेऊन फायदा होईल का?

मी फार्मासिस्ट आहे आणि याच डब्यांच्या मागे उभं राहून दिवस काढतो, त्यामुळे विकणाऱ्याच्या बाजूने बोलायला मला हरकत नव्हती. तरी सांगतो, तुमच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून मी ही कॅप्सूल सुचवणार नाही. बाकीचं करून झाल्यावर, ठरावीक मुदतीपुरती, हवं तर घ्या.

'प्रोबायोटिकने फायदा होतो का' हा प्रश्न 'गोळीने बरं वाटतं का' याच्या जातीचा आहे. कुठली गोळी, कशासाठी? जिवाणूच्या एकाच प्रजातीत अनेक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असतात आणि एका स्ट्रेनचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी या नावात जिवाणूची ओळख शेवटच्या 'जीजी'त आहे. बहुतेक अभ्यास त्या जीजीवर झालेत, कुठल्याही रॅम्नोससवर नाही. तेव्हा हातातली डबी उलटी करून बघा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, बायफिडोबॅक्टेरियम लाँगम' अशी यादी असेल आणि नावांपुढे अक्षरं-आकडे नसतील, तर आत नेमकं काय आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही आणि मलाही नाही. काही लेबलांवर अजून 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' छापलेलं असतं. हा लॅक्टोबॅसिलस नव्हेच, बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. जुनं चुकीचं नाव इतकी वर्षं तसंच चाललंय. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या कुळाची २५ कुळांत विभागणी झाली, म्हणून तोच जीजी आता काही डब्यांवर 'लॅक्टिकेसिबॅसिलस' नावाने दिसतो. दोन वेगळ्या वस्तू समजून दोन्ही घेऊ नका.

लेबलवर आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात असते. जिवाणूंचा जो आकडा दिलाय तो 'उत्पादनाच्या वेळी' की 'मुदत संपेपर्यंत'? जिवाणू जिवंत असतील तरच उपयोग, आणि ते डबीत हळूहळू मरत असतात, उष्णता व दमट हवेत लवकर. पहिल्या प्रकारचा आकडा कारखान्यातला झाला. तुमच्या हातात काय उरलंय ते दुसऱ्या प्रकारातच समजतं.

आता ते ५० अब्ज. ऐकायला प्रचंड वाटतं, पण माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ चा बऱ्यापैकी मान्य झालेला अंदाज आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. म्हणजे एक कॅप्सूल, आतले सगळे जिवाणू जिवंत पोचले असं धरलं तरी, आधीच्या वस्तीच्या साडेसातशेव्या हिश्शाएवढीही भरत नाही. शिवाय बहुतेक स्ट्रेन आतड्यात कायमच्या राहत नाहीत. पाहुण्यासारख्या येतात, घेत असाल तोवर मुक्काम करतात, बंद केल्यावर थोड्याच दिवसांत शौचातून दिसेनाशा होतात. राहिल्या नाहीत म्हणजे निरुपयोगी असं नव्हे, जाता जाताही काही काम करू शकतात. पण 'आतड्यातली बिघडलेली घडी पुन्हा बसवतो' ही जाहिरातीतली भाषा मला पटत नाही. आणि २५ अब्जापेक्षा ५० अब्ज दुप्पट चांगले, हा हिशेबही तितकाच पोकळ.

उपयोग होतो तो कुठे? सगळ्यात भक्कम जागा म्हणजे अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब. लहान मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला. प्रोबायोटिक घेतलेल्यांत साधारण ८ टक्के मुलांना जुलाब झाले, न घेतलेल्यांत १९ टक्के. हा फरक छोटा नाही. यासाठी युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांची संघटना दोनच नावं घेते, जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी, दिवसाला किमान ५ अब्ज, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासूनच. माझ्याकडे लोक येतात ते जुलाब लागून चार दिवस झाल्यावर, तेव्हा निम्मी संधी गेलेली असते. बोलार्डी हे खरं तर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, जिवाणू नाही, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत अँटिबायोटिक आणि कॅप्सूल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवायला आम्ही सांगतो. उलट बुरशीवरचं औषध चालू असेल तर बोलार्डी घेण्यात अर्थ नाही, ते मरेल.

मोठ्यांच्या बाबतीत चित्र इतकं स्वच्छ नाही. ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल असलेल्या, अँटिबायोटिक घेणाऱ्या जवळजवळ ३,००० वयस्कर रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा प्रोबायोटिक आणि नकली (तुलनेसाठी दिलेली, आत जिवाणू नसलेली) कॅप्सूल यांत फरक दिसला नाही. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे होणारे गंभीर जुलाब टाळायला मात्र, जोखीम जास्त असलेल्यांत, काही उपयोग दिसतो.

अँटिबायोटिकनंतर 'फ्लोरा (आतड्यातली जिवाणूंची वस्ती) भरून काढायला' महिनोन् महिने कॅप्सूल घेण्याची जी पद्धत आहे, ती मात्र मला शंकास्पद वाटते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास छापला होता. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ज्यांना ११ स्ट्रेनचं मिश्रण दिलं, त्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती पूर्वपदावर यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. माणसं थोडी होती, त्यावरून कायदा करता येत नाही. पण 'घेऊन नुकसान तर नाही ना' असं मला विचारतात तेव्हा हा अभ्यास डोक्यात असतो.

साध्या साथीच्या जुलाबांबद्दल फार लिहीत नाही. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मुलांवर दोन मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्या, दोन्हींत फायदा आढळला नाही. जुलाबात आधी ओआरएस.

आता तुमच्या तक्रारीकडे. फुगणं आणि साफ न होणं हे बहुधा इरिटेबल बाउल सिंड्रोम (आयबीएस, आतड्याचं काम बिघडून पोट दुखणं-फुगणं आणि शौचाचा त्रास) किंवा नुसती बद्धकोष्ठता या दोन खणांत बसतं. आयबीएसवर तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतल्या एका संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की चाचण्यांच्या बाहेर वापरू नका, दुसरीने २०२१ मध्ये जवळपास तेच. ब्रिटिश संघटनेचं म्हणणं, कुठली स्ट्रेन ते सांगता येत नाही, पण ज्याला घ्यायचं त्याने १२ आठवड्यांपर्यंत घेऊन पाहावं आणि फरक नाही पडला तर बंद करावं. मला ब्रिटिश सल्ला जास्त व्यवहारी वाटतो, तोही 'बंद करावं' या शब्दांमुळे. कारण बंद कुणी करत नाही. आयबीएसच्या चाचण्यांत नकली गोळी घेऊनही दहातल्या तीन-चार जणांना बरं वाटतं. हा आजार मुळात चढउताराचा, आणि माणूस गोळी सुरू करतो ती सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा थोडा बरा जाणारच होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि मग डबी वर्षभर चालू राहते.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम तपासा. पुष्कळ कॅप्सूलमध्ये आणि सॅशेमध्ये जिवाणूंसोबत 'एफओएस', 'फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड' किंवा 'इन्युलिन' घातलेलं असतं. हे जिवाणूंचं खाद्य. मोठ्या आतड्यात ते आंबतं आणि त्यातून गॅस होतो. ज्याची मुख्य तक्रारच फुगण्याची, त्याने हे घेतलं की पहिल्या आठवड्यात पोट नगारा होतं आणि दुकानदार सांगतो, 'शरीर शुद्ध होतंय, चालू ठेवा.' शुद्ध वगैरे काही होत नाही. फारच झालं तर बंद करा.

मग आधी काय? इसबगोल. ते दिसायला साधं आणि जाहिरात करायला कंटाळवाणं, पण बद्धकोष्ठतेत आणि आयबीएसमध्येही त्याच्यामागचा पुरावा या कॅप्सूलपेक्षा कितीतरी बरा आहे. ते पाणी धरून ठेवतं, मळ मऊ आणि भरीव होतो, आणि इतर तंतूंच्या मानाने कमी आंबतं म्हणून गॅसही कमी. अर्ध्या-एका चमच्याने सुरुवात करा, आठवड्याभराने वाढवा, आणि दर वेळी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी हे करू नका, घशात फुगतं. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा झाल्याची शंका असेल तर अजिबात नको.

आणखी एक, जे मी फार कमी जणांना विचारलेलं ऐकतो: कुंथूनही 'थोडं राहिलंय' असं सारखं वाटतं का? शौचाच्या वेळी सैल व्हायला हवेत ते तळाचे स्नायू काहींच्या बाबतीत उलट आवळले जातात. तिथे मळ मऊ करूनही पुरतं जमत नाही आणि जिवाणूंचा तर संबंधच नाही. त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण असतं, ते चांगलं काम करतं, पण त्यासाठी तपासून घ्यावं लागतं. तोवर कमोडवर बसताना पायांखाली बुटकं स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणा. आणि खाल्ल्यानंतरच्या अर्ध्या तासात आतडं आपणहून हलतं, तेव्हा लागलेली भावना दाबू नका.

दह्याबद्दल कुणीतरी विचारणारच. दही बनवणारे जिवंत जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकचे बाकीचे दावे जवळजवळ सगळे फेटाळले, पण हा २०१० मध्ये मान्य केला. दूध प्यायल्यावर तुम्हाला गॅस होत असेल तर ही माहिती तुमच्या कामाची. पोट तक्रारच करत नसेल तर रोज कॅप्सूल घेण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

धोका निरोगी माणसाला नगण्य आहे. केमोथेरपी चालू असलेला, प्रतिकारशक्ती दबलेला, अतिदक्षता विभागातला रुग्ण, किंवा ज्याच्या मोठ्या शिरेत कॅथेटर (औषध देण्याची नळी) आहे, त्याला मात्र विचारल्याशिवाय देऊ नये. यीस्ट रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. बोलार्डीचं पाकीट अशा रुग्णाच्या खाटेशेजारी फोडूसुद्धा नये, कारण हवेतून किंवा हाताला लागून ते कॅथेटरपर्यंत पोचू शकतं. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं होतं. २००८ च्या त्या निकालात प्रोबायोटिक गटातले १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले ६ टक्के. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा निर्णयही फक्त नवजात तज्ज्ञांचा.

शौचात रक्त, न सांगता उतरलेलं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास नव्यानेच सुरू झालेला त्रास, यातलं एकही असेल तर इसबगोलही नको आणि कॅप्सूलही नको, आधी डॉक्टर.

यातलं काही नसेल तर चार-सहा आठवडे इसबगोल, पाणी आणि स्टूल यांना द्या. मग कॅप्सूल घ्यायचीच असेल तर स्ट्रेनचं पूर्ण नाव असलेली, एफओएस-इन्युलिन नसलेली एकच घ्या, सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा आणि १२ आठवड्यांनी निर्णय घ्या.

तुम्ही सध्या कुठल्या गोळ्या घेता ते लिहिलेलं नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या, ॲल्युमिनियमवाल्या ॲसिडिटीच्या, रक्तदाबासाठी व्हेरापामिल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ॲमिट्रिप्टिलीन: यातलं काही तक्रार सुरू व्हायच्या आगेमागे चालू झालं होतं का? साखरेसाठी मेटफॉर्मिन असेल तर त्यानेही पोट फुगतं. थायरॉइड तपासलंय का, तेही सांगा, मग जास्त नेमकं सांगता येईल.