दीड महिन्याचा घरखर्च एका खुर्चीवर घालावा का?

प्रश्न: मी घरून भाषांतर आणि संपादनाची कामं घेते. रोज आठ तास लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी, त्याच संचातल्या लाकडी खुर्चीवर बसते. दुपारनंतर कंबर इतकी भरून येते की शेवटचा तासभर काम होतच नाही. तीन खुर्च्या पाहून ठेवल्या आहेत. आमचा महिन्याचा घरखर्च 100 धरला, तर एक 12 ची, दुसरी 40 ची आणि तिसरी, नावाजलेल्या कंपनीची, 150 ची आहे. तिसरी 12 बिनव्याजी हप्त्यांत मिळते. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे, नव्या फोनसाठी 50 साठवले आहेत आणि दरमहा साधारण 15 शिल्लक पडतात. घरचे म्हणतात, उशी ठेव आणि काम कर. मला वाटतं, रोज आठ तास वापरायची वस्तू एकदाच चांगली घ्यावी, तासाला काहीच पडत नाही. माझी उंची 154 सेंटिमीटर, टेबलाची 74. काय करू?

उत्तर: खुर्ची घ्या. उशीवर भागवू नका. पण 150 ची नको, हप्त्यांवर तर नकोच, आणि 40 चीसुद्धा उद्याच्या उद्या नको. आधी 6 च्या आसपास खर्च करा, दोन-तीन आठवडे बघा, मग 40 ची घ्या. कोणती खुर्ची घ्यावी यापेक्षा हा क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. दिवसाला दोन तास बसणाऱ्याला मीही उशीच सुचवली असती. पण तुमचे वर्षाचे कामाचे दिवस 240 धरले तरी 1,920 तास होतात, आणि तुमची सगळी कमाई त्याच तासांमध्ये होते. जेवणाची खुर्ची अर्ध्या-पाऊण तासासाठी बनवलेली असते. तिची सीट सपाट, पाठ सरळ आणि उंची कायमची ठरलेली. घरच्यांना सांगताना ‘मला आरामखुर्ची हवी’ असं सांगू नका. कामाचं अवजार बदलायचं आहे असं सांगा, कारण खरं तेच आहे.

आता तुमचं तासाचं गणित. ते चुकीचं नाही, अपुरं आहे. कुठलीही महाग वस्तू पुरेशा तासांनी भागली की किरकोळ दिसू लागते, म्हणून विकणाऱ्यांनाही हाच भागाकार आवडतो. तो एकाच खुर्चीचा करून थांबायचं नाही. तिन्हींचा करायचा आणि मधला फरक बघायचा.

12 ची खुर्ची रोजच्या आठ तासांत दोन वर्षं टिकेल असं धरू. वर्षाला 6 पडले. 40 ची सहा वर्षं धरू, वर्षाला 6.7. वरच्या दर्जाच्या काही कंपन्या 12 वर्षांची हमी देतात, म्हणून 150 ची बारा वर्षं धरू, वर्षाला 12.5. टिकण्याची ही वर्षं मी अंदाजाने घेतली आहेत. तुमच्या हातातल्या हमीपत्रांवरची वर्षं घालून हेच गणित पुन्हा करून पाहा. माझ्या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली आणि दुसरी यांच्यात वर्षाला एकाचाही फरक नाही, म्हणजे 12 ची घेऊन तुमची काही बचत होत नाही, फक्त दर दोन वर्षांनी नवी खुर्ची शोधावी लागते. आणि तिसरीला दुसरीची बरोबरी करायची तर ती साडेबावीस वर्षं टिकली पाहिजे. ‘एकदाच घ्यावी, स्वस्त पडते’ हे 12 आणि 40 मध्ये निवडताना खरं आहे. 40 आणि 150 मध्ये निवडताना ते लागू पडत नाही.

तिसरी खुर्ची वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिची यंत्रणा अधिक सफाईदार असेल, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतील. ज्यांच्या गाठीशी पुरेसा पैसा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. प्रश्न एवढाच की वरचे 110 तुमच्याकडे दुसरं कोणतं काम करू शकतात. तुमचं उत्पन्न पगाराचं नाही. एखादं मोठं काम लांबलं किंवा एखाद्या ग्राहकाने पैसे दोन महिने अडकवले तर तुम्हाला सांभाळणारी कंपनी नाही. अशा माणसाकडे किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी नेहमी सांगते. तुमच्याकडे तीन महिन्यांचा आहे. 150 रोख दिले तर दीडच उरतो, आणि ज्या कमरेसाठी हा खर्च करायचा तिच्यावर उपचारांची वेळ आली तर पैसा कुठून काढणार?

हप्त्यांवर घेतली तर बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लागत नाही, हे खरं. पण 15 च्या शिलकीतून दरमहा 12.5 हप्ता जाणार आणि वर्षभर हाती 2.5 राहणार. आज तुम्ही दरमहा पूर्ण 15 आणीबाणीच्या निधीत टाकले तर तीनचे सहा महिने व्हायला 20 महिने लागतात. हप्ता सुरू असला तर तेच 30 महिने. ‘बिनव्याजी’ शब्दावरही फार विसंबू नका. रोखीने घेतल्यास मिळणारी सूट सोडावी लागते का आणि प्रक्रिया शुल्क किती, हे विचारलं की व्याज कुठे दडलंय ते कळतं.

आणि आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग, जो तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलात: उंची 154, टेबल 74.

टाइप करताना कोपर साधारण काटकोनात आणि हात कीबोर्डच्या पातळीवर हवेत. 74 सेंटिमीटरच्या टेबलाशी तसं बसायचं तर तुमच्या उंचीच्या व्यक्तीला सीट जवळपास 50 सेंटिमीटरवर घ्यावी लागेल. तुमच्या गुडघ्याची मागची बाजू मात्र जमिनीपासून 40 च्या आतबाहेर असणार. म्हणजे पाय दहा-एक सेंटिमीटर अधांतरी. पाय टेकले नाहीत की मांडीखाली सीटची कड रुतते, माणूस नकळत पुढे सरकतो आणि पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते. मग त्या पाठीत कमरेचा आधार 12 चा असो की 150 चा, तो हवेलाच आधार देत राहतो. उलट पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेतली तर खांदे उचलून टाइप करावं लागतं. ही गाठ टेबलाने घातली आहे, आणि कोणतीही खुर्ची एकटी ती सोडवू शकत नाही.

पायाखाली एक पक्का, किंचित उतरता पाट किंवा फूटरेस्ट लागेल. दुसरं दुखणं लॅपटॉपचं. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली, मान नीट ठेवली तर हात वर. लॅपटॉप उंच करायचा स्टँड किंवा जाडजूड पुस्तकांची चळत, आणि वेगळा कीबोर्ड-माउस. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली, अंतर साधारण हातभर. वर मी 6 म्हटलं ते एवढ्यासाठी. हे आधी करा, आहे त्याच खुर्चीवर आणि हो, घरच्यांनी सांगितलेली उशी घेऊन. रोज कंबर किती वाजता कुरकुरायला लागते ते वहीत टिपा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल किंवा दिसणार नाही, पण पुढचे 40 कशासाठी खर्च करतोय हे तुम्हाला नेमकं माहीत असेल. पैशाच्या निर्णयात आधी थोडक्यात तपासून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते. ती सोडू नका.

या काळात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं चालून या. त्याला काही पडत नाही. स्वीडिश अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला, आणि आधाराविना बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त असतो असं त्यांना आढळलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नव्या मोजमापात, एकाच व्यक्तीवर का होईना, सैल बसल्यावर दाब उभं राहण्याहून जास्त आढळला नाही. तज्ज्ञांचे आकडे असे जुळत नाहीत, पण मागे रेलून पाठीला आधार दिला की दाब कमी होतो आणि एकाच स्थितीत तासन्‌तास राहणं वाईट, यावर फारसा वाद नाही. माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा: आदर्श बैठक विकत मिळत नाही, तुम्हाला सहज हलू देणारी खुर्ची मात्र मिळते. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा मांडीतून खाली उतरणारी कळ असेल, तर खुर्चीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. त्या खर्चासाठी आणीबाणीचा निधी बिनदिक्कत वापरा.

40 ची खुर्ची निवडताना ‘अर्गोनॉमिक’ (शरीराच्या ठेवणीला साजेशी) या चिठ्ठीला भुलू नका. ती कुणीही लावू शकतं. तुमच्या बाबतीत सर्वांत आधी बघायची ती सीटची खोली. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कमी उंचीच्या माणसांना बहुतेक खुर्च्या इथेच खोल पडतात, म्हणून सीट पुढे-मागे सरकणारी असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजायलाही माझी हरकत नाही. कमरेचा आधार वर-खाली होणारा हवा. खुर्चीचे हातही वर-खाली होणारे हवेत, नाहीतर ते टेबलाला अडतात आणि खुर्ची आत सरकत नाही. मागे रेलताना पाठ जास्त आणि सीट कमी झुकली पाहिजे, म्हणजे पाय उचलले जात नाहीत. डोक्याचा टेकू, चमकदार शिलाई, स्पर्धेच्या गाडीसारखा आकार यांवर पैसे घालू नका. रेक्झिनसारखं आवरण काही वर्षांत पापुद्रे सोडतं. कापड किंवा जाळी बरी. फरशी कडक असेल तर मऊ रबरी चाकं मागा.

काही खुर्च्यांवर ‘बिफ्मा’ या फर्निचर उत्पादकांच्या अमेरिकी संघटनेच्या मानकाचा उल्लेख दिसेल. त्यातलं एक्स 5.1 हे अमेरिकी मानक कार्यालयीन खुर्चीची मजबुती आणि सुरक्षितता तपासतं, साधारण 125 किलोपर्यंतच्या माणसासाठी. हा उल्लेख असणं चांगलंच, पण खुर्ची मोडणार नाही एवढंच त्यातून कळतं. तुमच्या मापाची आहे का, ते फक्त बसून कळतं. दुकानात जाल तेव्हा पायातलं काढून बसा, घरी तुम्ही अनवाणीच काम करत असाल तर उंचीचा अंदाज त्याशिवाय येणार नाही. वीसएक मिनिटं बसा, संकोच करू नका. ऑनलाइन घेणार असाल तर जोडलेली, वापरलेली खुर्ची परत घेतात का, किती दिवसांत आणि परतीचं भाडं कोण भरतं, हे लेखी पाहून मगच पैसे द्या.

एक चौथा पर्याय तुम्ही लिहिला नाहीत. कार्यालयं बंद होतात, जागा बदलतात, तेव्हा उत्तम कंपन्यांच्या खुर्च्या दुरुस्त करून पुन्हा विकल्या जातात. 150 ची खुर्ची 50-60 ला मिळाली आणि सात वर्षं चालली तर वर्षाला सात ते साडेआठ पडतात, जे मला पटण्यासारखं वाटतं. अट अशी की प्रत्यक्ष बसून बघायची. खुर्चीची उंची कमी-जास्त करणारा गॅसचा दांडा बसल्यावर हळूहळू खाली जातो का, सगळे खटके चालतात का, जाळी सैल पडली आहे का, हे तपासा. मूळ हमी सहसा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, त्यामुळे विकणारा स्वतः किती महिन्यांची हमी देतो ते बिलावर लिहून घ्या. मापही विचारा. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीची 1994 साली आलेली एरॉन खुर्ची ए, बी, सी अशा तीन मापांत येते, आणि जुन्या बाजारात तुम्हाला मधलं किंवा मोठं माप कितीही स्वस्त मिळालं तरी तुमच्या उंचीला ते मोठंच पडण्याचा संभव आहे.

पैसे कुठून काढायचे? फोनच्या 50 मधून. जुना फोन चालतोय तोवर चालू द्या. 6 आणि 40 मिळून 46 होतात, आणीबाणीच्या निधीतलं काही मोडत नाही आणि दरमहाची शिल्लकही मोकळी राहते. त्या 15 पैकी 12 निधीत आणि 3 फोनसाठी अशी विभागणी करा. वापरलेली 55-60 ची खुर्ची मनात भरली तर वरचा फरक एक-दोन महिन्यांच्या शिलकीतून भरा, तेवढ्याने काही बिघडत नाही.

बिल तुमच्या व्यवसायाच्या नावाने घ्या आणि कर भरताना सल्लागाराला दाखवा. व्यवसायासाठी घेतलेली खुर्ची अनेक ठिकाणी खर्चात किंवा घसाऱ्यात धरता येते. मात्र कर वाचतो म्हणून महाग खुर्ची घ्यायचा मोह टाळा. शंभरातले तीस कराच्या रूपाने वाचले तरी सत्तर तुमचेच जातात.

राहिला शेवटचा वाया जाणारा तास. तो परत मिळाला तर दिवसाच्या कामात सातव्या हिश्श्याची भर पडेल, आणि काही महिन्यांत खुर्चीचे पैसे वसूल होतील. पण ही कमाई आज गृहीत धरून खरेदी ठरवू नका. वहीतल्या नोंदी तीन आठवडे पाटाच्या आणि तीन आठवडे नव्या खुर्चीच्या अशा शेजारी शेजारी ठेवा. खुर्चीची परतीची मुदत त्याहून कमी असेल, तर मुदत संपायच्या दोन दिवस आधी वही उघडा. तोवर कंबर पहिल्याइतकीच दुखत असेल, तर खुर्ची परत करा आणि ते 40 डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टसाठी राखून ठेवा.